आधी टेप काढा: एआरडीएसच्या रुग्णाला व्हेंटिलेटर कसा लावायचा

आमच्या दक्षिण कोकणात भातलावणी आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित चिखल-पाण्यातून होणारा ताप) हातात हात घालून येतात. दिवसभर चिखलात उभं राहायचं, ताप आला तर चार दिवस अंगावर काढायचा, पोटऱ्या दुखतात म्हणून गावात एक इंजेक्शन घ्यायचं. पाचव्या दिवशी डोळे पिवळे-लाल, लघवी कमी आणि श्वास मिनिटाला चाळीस, अशा अवस्थेत माणूस आमच्या दारात. त्यातच डेंग्यू, स्वाइन फ्लू, साधा न्यूमोनिया आणि अधूनमधून कीटकनाशक प्यायलेला, उलटी श्वासनळीत गेलेला एखादा तरुण. कारणं निरनिराळी, पण एक्स-रे बघितला तर दोन्ही बाजू सारख्याच पांढऱ्या. हाच एआरडीएस: दोन्ही फुफ्फुसं सुजतात आणि रक्ताला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही.

हे मी आमच्याकडे नव्याने रुजू होणाऱ्या आरएमओंसाठी (निवासी डॉक्टरांसाठी) आणि आयसीयूतल्या सिस्टरांसाठी लिहिते आहे. मोठ्या शहरात इन्टेन्सिव्हिस्ट (अतिदक्षता विभागाचा तज्ज्ञ) शेजारच्या खोलीत बसलेला असतो. इथे मी भूलतज्ज्ञ आणि इन्टेन्सिव्हिस्ट दोन्ही, आणि रात्री दोन वाजता मी फोनवर असते. पोचेपर्यंत पहिली सेटिंग तुमच्याच हातून होणार. घरी कुणी आजारी आहे म्हणून वाचत असाल तर खुशाल वाचा, पण यातला आकडा घेऊन डॉक्टरांशी वाद घालू नका. प्रत्येक आकड्याला रुग्णाप्रमाणे अपवाद असतो.

एक गोष्ट पक्की धरून चाला. व्हेंटिलेटर फुफ्फुस बरं करत नाही. लेप्टो असेल तर पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन काम करतं, स्क्रब टायफस असेल तर डॉक्सिसायक्लिन, आणि बाकीची डागडुजी शरीर स्वतः करतं. यंत्र तोवर श्वास चालू ठेवतं, एवढंच. पण सेटिंग चुकली तर तेच यंत्र उरलंसुरलं चांगलं फुफ्फुसही फाडतं. म्हणून कुठलंही बटण फिरवताना एकच प्रश्न विचारायचा: याने चांगल्या भागावरचा ताण वाढतोय की कमी होतोय?

हा एआरडीएसच आहे ना?

बर्लिनची २०१२ ची व्याख्या तोंडपाठ असू द्या. आजार किंवा इजा झाल्यापासून आठवड्याच्या आत सुरुवात, एक्स-रेवर दोन्ही बाजूंना सावल्या, आणि निव्वळ हृदय कमकुवत असल्याने किंवा सलाइन जास्त झाल्याने हे घडलं असं म्हणता येत नाही. मग पीप (उच्छ्वासाच्या शेवटी यंत्र फुफ्फुसात राखतं तो दाब, सेंमी पाण्यात) किमान ५ असताना धमनीच्या रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब (पीएओटू) भागिले एफआयओटू (आत जाणाऱ्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण, १.० म्हणजे शंभर टक्के), म्हणजे पी-एफ गुणोत्तर: ३०० पर्यंत सौम्य, २०० पर्यंत मध्यम, १०० किंवा त्याखाली तीव्र. एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी) यंत्राचं कार्ट्रिज नेमकं रविवारीच संपतं, हे सगळ्या लहान हॉस्पिटलांना ठाऊक आहे. २०२३ च्या नव्या जागतिक व्याख्येने त्यावर तोड दिली आहे. सॅच्युरेशन ९७ किंवा त्याखाली असेल तर त्यालाच एफआयओटूने भागा. ३१५ किंवा कमी आलं तर ऑक्सिजनचा निकष पूर्ण. सॅच्युरेशन ९०, एफआयओटू ०.६, म्हणजे १५०. पुरावा म्हणून फुफ्फुसाची सोनोग्राफीही त्यात चालते. कावीळ आहे म्हणून बोटावरच्या ऑक्सिमीटरवर अविश्वास दाखवू नका, बिलिरुबिनने तो फसत नाही. हातपाय गार पडले असतील तर मात्र कानाच्या पाळीला लावून बघा.

हृदयावर प्रोब ठेवून दोन मिनिटं बघाच. डेंग्यूच्या धास्तीने कुणीतरी आधीच चार लिटर सलाइन चढवून पाठवलेला रुग्ण दर मोसमात येतो, आणि त्याला आधी लघवी होणं गरजेचं असतं.

श्वासनळीत ट्यूब कधी टाकायची

हाय-फ्लो (नाकातून मोठ्या प्रवाहाने दिलेला ऑक्सिजन) लावून वाट बघायला हरकत नाही, पण घड्याळ समोर ठेवा. रॉक्स इंडेक्स काढा: सॅच्युरेशन भागिले एफआयओटू, आणि त्याला पुन्हा श्वासाच्या गतीने भागायचं. सॅच्युरेशन ८८, एफआयओटू ०.९, श्वास ४०, तर उत्तर येतं २.४. चार-पाचच्या वर असलेला रुग्ण बहुधा तरून जातो. दोन तासांनंतरही २.८५ च्या खाली असलेला बहुधा नाही. मानेचे स्नायू ओढत, पोट आत-बाहेर करत रुग्ण रात्रभर झगडत राहिला तर तो स्वतःच मोठमोठे श्वास घेऊन स्वतःच्या फुफ्फुसाला इजा करतो. पहाटे पाच वाजता दमून कोसळल्यावर ट्यूब टाकण्यापेक्षा रात्री अकरा वाजता शांतपणे टाका.

ट्यूब टाकताना जीव जातो तो बहुतेक वेळा रक्तदाब पडल्याने. भुलीसाठी केटामाइन हाताशी, नॉरअ‍ॅड्रेनलिनचा रक्तदाब धरून ठेवणारा इन्फ्युजन आधीच जोडलेला, अम्बूला (हाताने दाबून श्वास द्यायच्या पिशवीला) पीप व्हॉल्व्ह लावलेला. आणि ट्यूब गेल्यावर आनंदाच्या भरात अम्बू जोरजोरात दाबू नका. हलका हात, छाती जेमतेम उचलली की पुरे.

त्याआधी वॉर्डातल्या मामांना विचारा, जंबो किती भरलेले आहेत? आपल्याकडच्या जंबो सिलिंडरमध्ये साधारण ७००० लिटर ऑक्सिजन असतो. हाय-फ्लो शंभर टक्क्यांवर मिनिटाला साठ लिटर ओढतो, म्हणजे जंबो दोन तासांच्या आत रिकामा. तोच रुग्ण व्हेंटिलेटरवर गेला की यंत्राचा स्वतःचा वाहता प्रवाह धरून मिनिटाला दहा-बारा लिटर लागतात, एफआयओटू ०.६ वर आला की त्याच्याही निम्मे. पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत हा हिशोब सापडणार नाही, कारण तिथे भिंतीतून ऑक्सिजन येतो. यूपीएसची बॅटरी खरोखर किती वेळ चालते हेही पावसाळ्याआधी तपासून ठेवायचं, वीज गेल्यावर नाही.

टेप

व्हेंटिलेटरच्या ट्रॉलीवर शिंप्याची टेप बांधलेली आहे. ती कुणी नेली तर मी चिडते, कारण माझ्या मते या खोलीतलं सगळ्यांत उपयोगी उपकरण तेच आहे. रुग्णाला सरळ झोपवा, टाचेपासून डोक्याच्या टोकापर्यंत मोजा. नातेवाइकांना उंची विचारू नका, ‘माझ्याएवढीच’ असं उत्तर येतं. पाय आखडलेले असतील तर कोपरापासून मनगटापर्यंतचं हाड मोजून तक्त्यावरून उंची काढा.

उंचीवरून काढायचं ते अपेक्षित वजन. पुरुषासाठी ५० अधिक ०.९१ गुणिले (उंची सेंटीमीटरमध्ये वजा १५२.४). बाईसाठी सूत्र तेच, फक्त ५० च्या जागी ४५.५. काट्यावरचं वजन इथे कामाचं नाही. पोट सुटलं म्हणून फुफ्फुस वाढत नाही, छातीचा पिंजरा उंचीप्रमाणेच राहतो.

रात्री दोन वाजता गुणाकार नको म्हणून हे भिंतीवर चिकटवलं आहे. किलोमागे ६ मिली धरून टायडल व्हॉल्यूम (एका श्वासात आत जाणारी हवा):

बाई: १४५ सेंमी – २३३ मिली, १५० – २६०, १५५ – २८७, १६० – ३१५
पुरुष: १६० सेंमी – ३४२ मिली, १६५ – ३६९, १७० – ३९६, १७५ – ४२३

पहिल्यांदा हे आकडे बघणाऱ्याला ते चुकीचे वाटतात. आमचं यंत्र ‘अ‍ॅडल्ट’ निवडलं की आपणहून ५०० दाखवतं. कुणी घाबरून ते ४५० करतं आणि समाधान मानतं. समजा लावणी करताना लेप्टो झालेली पन्नाशीची बाई आहे, उंची १५० सेंमी. तिचं अपेक्षित वजन ४३ किलो. ४५० मिली म्हणजे किलोमागे दहाच्याही वर. आपल्याकडच्या बुटक्या बायकांचं सगळ्यांत जास्त नुकसान याच आकड्याने होतं, त्यामुळे मी फोनवर पहिला प्रश्न उंचीचाच विचारते.

हा सहाचा आकडा आला कुठून? अमेरिकेतल्या एआरडीएस नेटवर्कने ८६१ रुग्णांची दोन गटांत विभागणी केली, एका गटाला किलोमागे १२ मिली आणि दुसऱ्याला ६. निष्कर्ष २००० साली छापले: पहिल्या गटात मृत्यू ३९.८ टक्के, दुसऱ्यात ३१. औषध नवं नाही, यंत्र नवं नाही, फक्त श्वास लहान. त्यामागचं कारण इटलीच्या गॅटिनोनींनी सीटी स्कॅनवरून आधीच दाखवलं होतं. तीव्र एआरडीएसमध्ये सगळं फुफ्फुस कडक झालेलं नसतं. बराच भाग बंद पडतो आणि हवा खेळणारा जो उरतो तो पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या फुफ्फुसाएवढा असतो. त्यांनी त्याला ‘बेबी लंग’ म्हटलं. मोठ्या माणसाचा श्वास त्या एवढ्याशा जागेत कोंबला तर काय होईल ते सांगायला नको.

पहिला तास

मोड व्हॉल्यूम कंट्रोल. प्रेशर कंट्रोलने कुणाचं अडत नाही, पण त्यात फुफ्फुस बदललं की टायडल व्हॉल्यूम आपोआप बदलतो, आणि रात्रपाळीला एक सिस्टर तीन बेड बघत असताना मला व्हॉल्यूम बांधलेला बरा वाटतो. टायडल व्हॉल्यूम टेपप्रमाणे. पीप १० ने सुरुवात, रक्तदाब फार पडला असेल तर ८. एफआयओटू १.०, पण अर्ध्या तासात खाली आणायचा.

गती? वरच्या बाईला आधी कुणी ४५० मिली आणि गती १६ लावली असेल तर मिनिटाला ७.२ लिटर हवा जात होती. आता २६० मिलीवर गती २८ ठेवली की ७.३ लिटर. बेरीज तीच, फक्त एकेक श्वास लहान. (कार्बन डायऑक्साइड तरीही थोडा चढेल, कारण प्रत्येक श्वासातला ट्यूब-नळीत वाया जाणारा भाग तेवढाच राहतो.) गती ३५ पर्यंत नेता येते. मात्र उच्छ्वास पूर्ण व्हायच्या आत पुढचा श्वास येतो का ते ग्राफवर बघा. फ्लोची रेघ शून्याला टेकली पाहिजे.

मग इन्स्पिरेटरी होल्ड, म्हणजे श्वास आत गेल्यावर यंत्र क्षणभर थांबवायचं बटण. हे बटण न दाबता ‘प्रेशर ठीक आहे’ असं फोनवर सांगणाऱ्याचं मी ऐकत नाही. रुग्ण स्वतः जोर लावत नसताना अर्धा सेकंद थांबवून मिळणारा दाब म्हणजे प्लॅटो. तो ३० च्या खाली हवा. प्लॅटोतून पीप वजा केला की ड्रायव्हिंग प्रेशर. ब्राझीलच्या अमॅटो आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये जुन्या अभ्यासांतली माहिती एकत्र करून दाखवलं की जगण्याशी सगळ्यांत जवळचं नातं या आकड्याचं आहे. तो १५ च्या आत ठेवायचा.

पीप ठरवायला मी हाच आकडा वापरते. त्याच बाईचा पीप १० वर प्लॅटो २४ आला, म्हणजे ड्रायव्हिंग प्रेशर १४. पीप १२ केला आणि प्लॅटो २५ वर थांबला: १३. म्हणजे बंद पडलेला काही भाग उघडला, तिथेच राहा. उत्साहाने १६ केला आणि प्लॅटो ३३ झाला: १७. आता उघडण्यासारखं काही उरलं नाही, जे उघडं आहे तेच ताणलं जातंय. परत १२ वर या. एआरडीएस नेटवर्कचा एफआयओटू आणि पीपच्या जोड्यांचा तक्ताही आहे (०.५ ला ८ ते १०, ०.७ ला १० ते १४ वगैरे), तो आपल्या हातात कुंपण म्हणून असू द्या. प्लॅटो ३० च्या वरच राहिला तर टायडल व्हॉल्यूम किलोमागे ५, मग ४ पर्यंत उतरवता येतो.

सॅच्युरेशन किती हवं? ९० ते ९५. शंभर दिसावं म्हणून एफआयओटू वर ठेवू नका, आणि फार खाली उतरवण्याच्या स्पर्धेतही पडू नका. २०२० मध्ये फ्रान्समध्ये पीएओटू ५५ ते ७० ठेवून बघणारा अभ्यास मधेच थांबवावा लागला, त्या गटात आतड्यांचा रक्तपुरवठा तुटल्याचे रुग्ण निघाले.

कार्बन डायऑक्साइड चढला म्हणून घाबरू नका

सकाळच्या एबीजीत पीसीओटू (रक्तातला कार्बन डायऑक्साइड) ६२ आणि पीएच ७.२४ दिसला की नवा डॉक्टर लगेच टायडल व्हॉल्यूम वाढवतो. ते बोट मागे घ्या. पीएच ७.२० च्या आसपास असला तरी बहुतेक रुग्णांचं काही बिघडत नाही. डोक्यात दाब वाढलेला असेल, फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा दाब फार असेल, तर गोष्ट वेगळी, तेव्हा मला फोन करा. ७.१५ च्या खाली गेला तर आधी गती ३५ पर्यंत.

त्याही आधी एक फुकटातला उपाय. ट्यूब आणि वाय-पीसच्या (यंत्राच्या दोन नळ्या जुळतात त्या तुकड्याच्या) मधे बसवलेला एचएमई फिल्टर (उच्छ्वासातली ओल धरणारा) आणि त्याला जोडलेला लांब कॅथेटर माउंट (जोडनळी) बघा. दोघं मिळून पन्नास-साठ मिलीच्या वर जागा खातात. टायडल व्हॉल्यूम ५०० असताना त्याचं काही वाटत नाही. २६० असताना पाचवा हिस्सा तिथेच गेला. माउंट काढा, फिल्टरऐवजी गरम पाण्याचा ह्युमिडिफायर लावा. पीसीओटू त्यानेच बऱ्यापैकी उतरतो, आणि सेटिंगला हातही लावावा लागत नाही.

पालथं घालणं

या सगळ्यात माझा सर्वाधिक भरवसा कशावर असेल तर यावर. पैसे लागत नाहीत, माणसं लागतात.

फ्रान्सच्या ग्वेराँ यांचा ‘प्रोसेव्हा’ अभ्यास २०१३ चा. पी-एफ १५० च्या खाली, एफआयओटू किमान ०.६, असे ४६६ रुग्ण. पालथ्या गटात २८ दिवसांतले मृत्यू १६ टक्के, उताण्या गटात ३२.८. अतिदक्षतेच्या अभ्यासांत एवढा फरक क्वचितच दिसतो. तरीही पन्नास देशांच्या ‘लंग सेफ’ पाहणीत, २०१६ साली, तीव्र एआरडीएसच्या फक्त सोळा टक्के रुग्णांना पालथं घातल्याचं आढळलं. आळस, दुसरं काय. कोविडने निदान ती सवय तरी लावली.

फायदा का होतो? फुफ्फुसाचा मोठा भाग पाठीकडे असतो. उताणं झोपल्यावर हृदयाचं आणि सुजलेल्या फुफ्फुसाचं वजन त्याच भागावर येतं, तो मिटतो. पालथं केल्यावर तो उघडतो, आणि प्रत्येक श्वास सगळीकडे जास्त समान वाटला जातो. त्यामुळे ‘सॅच्युरेशन काही वाढलं नाही, सरळ करू का?’ असं विचारू नका. प्रोसेव्हात ज्यांचा ऑक्सिजन सुधारला नाही त्यांनाही जगण्यात फायदा दिसला होता.

सेटिंग नीट करून बारा ते चोवीस तासांत पी-एफ १५० च्या वर गेलं नाही तर पालथं. आमची वेळ ठरलेली आहे: दुपारी चारला घालायचं, सकाळी आठला सरळ. सोळा तास होतात, आणि दोन्ही वेळा हाताशी माणसं असतात. मणका मोडलेला, पोट उघडं असलेलं ऑपरेशन, यांत करायचं नाही. नॉरअ‍ॅड्रेनलिन चालू आहे म्हणून मात्र थांबू नका.

पाच माणसं लागतात. डोक्याशी डॉक्टर, ट्यूब त्याच्याच हातात, आणि आकडे मोजायचे ते त्यानेच. दोन्ही बाजूंना दोन-दोन: सिस्टर, मामा, मावशी, कुणीही, पण प्रत्येकाला आपलं काम आधी तोंडाने म्हणायला लावा. तासभर आधी नळीतलं फीड बंद, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली नळी) ओढून पोट रिकामं. तोंड आणि ट्यूब सक्शन करून घ्या, नंतर हात पोचत नाही. डोळ्यांत मलम, वरून पापण्या चिकटवलेल्या. ट्यूब चिकटपट्टीने नाही, सुती फीत बांधून, कारण लाळेने पट्टी सुटतेच. ओठाशी ट्यूब किती सेंटीमीटरवर आहे ते मोठ्याने वाचा आणि लिहा. सेंट्रल लाइन, युरिन कॅथेटर, धमनीतली लाइन कुठल्या बाजूने जातेय ते ठरवा. ईसीजीचे लीड छातीवरून काढून पाठीवर. एफआयओटू १.०.

छातीवर एक उशी, कमरेच्या हाडांवर एक, पोट मोकळं राहील अशी. वर दुसरी चादर घालून दोन्ही चादरींच्या कडा एकत्र गुंडाळा, म्हणजे रुग्ण मधे घट्ट बसतो. पहिल्या ‘तीन’ला बेडच्या कडेला सरकवा, दुसऱ्याला कुशीवर, इथे थांबून ट्यूब आणि मॉनिटर बघा, तिसऱ्याला पालथं. एक हात डोक्याकडे वर, दुसरा खाली, तोंड वरच्या हाताच्या बाजूला. दर दोन तासांनी तोंड आणि हात बदलायचे. कपाळ, गाल, हनुवटी, स्तन, गुडघे, आणि पुरुषांत कॅथेटरची जागा दाबली जात नाही ना ते दर वेळी बॅटरी मारून बघायचं. बेडचं डोकं थोडं वर उचलून ठेवा, चेहरा कमी सुजतो.

सुजतोच मात्र. म्हणून नातेवाइकांना आधी सांगा. न सांगता सकाळी आत सोडलं आणि मुलाने आईचा तो चेहरा बघितला, तर पुढचं तुमचं एकही वाक्य त्याच्या कानात शिरणार नाही.

हृदय थांबलं तर? सरळ करायला माणसं येईपर्यंत दोन्ही खांद्यांच्या पात्यांच्या मधे पाठीवरच कॉम्प्रेशन सुरू करा. पालथं घालणं रोज चालू ठेवायचं ते उताणं केल्यावर चार तासांनी पीप १० आणि एफआयओटू ०.६ च्या आत असताना पी-एफ १५० च्या वर टिकेपर्यंत.

झोप, लुळेपणा, पाणी

रुग्ण यंत्राशी भांडतोय म्हणून लगेच डोस वाढवू नका. ग्राफ बघा. एका प्रयत्नात दोन श्वास पाठोपाठ येत असतील तर तुमचे सहा मिली प्रत्यक्षात बारा झाले. दुखतंय का, कफ आहे का, श्वास आत जायचा वेळ फार कमी आहे का, ते आधी. वेदना शमवणारं फेंटानिल पुरेसं दिलं की निम्मी भांडणं मिटतात.

स्नायू लुळे करणारं औषध सरसकट द्यायचं नाही. २०१० च्या फ्रेंच अभ्यासात ते फायद्याचं दिसलं, २०१९ च्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात फायदा दिसला नाही. पालथं घालताना, किंवा काही केल्या प्लॅटो आवरत नसेल तेव्हा द्या. लेप्टोत मूत्रपिंड बसलेलं असतं, त्यामुळे अ‍ॅट्राक्युरियम वापरा. व्हेक्युरोनियम साचत जातं आणि बंद केल्यावरही रुग्ण हलत नाही. आणि गाढ झोप असल्याची खात्री केल्याशिवाय हे औषध देणं हा छळ आहे, दुसरा शब्द नाही.

पाणी: शॉक सावरला की हात आखडा. २००६ च्या अभ्यासात कमी सलाइन दिलेल्या गटाचे मृत्यू घटले नाहीत, पण व्हेंटिलेटर लवकर सुटला, मूत्रपिंड बिघडलं नाही. लेप्टोत लघवी बंद असेल तर डायलिसिसची वाट बघत बसू नका, लवकर सुरू करायला लावा.

ट्यूबमधून ताजं रक्त येऊ लागलं तर ती लेप्टोची फुफ्फुसातली रक्तस्रावाची अवस्था. सारखं सक्शन करून रक्त थांबत नाही, उलट पीप सुटतो. ट्यूब मोकळी राहण्यापुरतंच सक्शन, तेही बंद सक्शन कॅथेटरने. पीप थोडा वर. सर्किट सोडायची वेळ आलीच तर आधी ट्यूबला क्लॅम्प.

अलार्म वाजला

रुग्णाकडे बघा, मग यंत्राकडे. सॅच्युरेशन झपाट्याने पडतंय तर यंत्र काढून अम्बू, पीप व्हॉल्व्हसकट. हाताला सोपं लागलं तर दोष यंत्रात किंवा सर्किटमध्ये. जड लागलं तर ट्यूब सरकली का, गुठळी अडकली का, एका बाजूला हवा भरली का. यंत्रावर असताना होल्ड दाबा: पीक (श्वास आत जातानाचा सर्वांत जास्त दाब) वाढलाय पण प्लॅटो तसाच, तर अडथळा नळीत किंवा ट्यूबमध्ये, दोन्ही वाढले तर फुफ्फुस किंवा छातीची पोकळी. सोनोग्राफीत एका बाजूला फुफ्फुस सरकताना दिसत नाही आणि रक्तदाब पडतोय, तर एक्स-रेवाल्याची वाट न बघता हवा काढायला छातीत सुई घाला.

आणि एक करू नका: कुठेतरी बघितलं म्हणून प्रेशर ४० वर चाळीस सेकंद धरून फुफ्फुस ‘उघडायचा’ प्रयत्न. २०१७ च्या ब्राझीलमधून चालवलेल्या अभ्यासात जोरकस उघडणं आणि चढा पीप दिलेल्या गटात मृत्यू वाढले.

पाठवायचं असेल तर

पालथं घालूनही पी-एफ ८० च्या खालीच असेल, तर दुसऱ्या दिवशीच बोलणं सुरू करा, सहाव्या दिवशी नाही. आमच्याकडून गोव्याला बांबोळी किंवा घाट चढून कोल्हापूर. वाटेसाठीचा लहान बी टाइप सिलिंडर दीड हजार लिटरचा, मिनिटाला बारा लिटरने दोन तास. पावसात घाट बंद पडतो हे धरून दुप्पट सिलिंडर गाडीत ठेवा. निघायच्या आधी अर्धा तास प्रवासाच्याच यंत्रावर बेडवर ठेवून बघा. तिथे सॅच्युरेशन टिकलं नाही तर गाडीत टिकणार नाही.

उतरवताना

रोज सकाळी दोन प्रश्न, राउंडच्या आधी. झोपेचं औषध बंद करता येईल का? एफआयओटू ०.४ आणि पीप ८ च्या आत असेल, रक्तदाबाचं औषध नावापुरतं असेल, तर अर्धा तास स्वतःच्या श्वासावर ठेवता येईल का? प्रेशर सपोर्ट (रुग्णाच्या स्वतःच्या श्वासाला यंत्राचा आधार) ५ ते ८, पीप ५. गती भागिले टायडल व्हॉल्यूम (लिटरमध्ये) १०५ च्या खाली, घाम नाही, खोकला जोरदार, तर ट्यूब काढायला तयार. झोपेचं औषध थांबवणं आणि श्वासाची परीक्षा एकत्र केली की रुग्ण लवकर सुटतात, हे २००८ पासून सिद्ध आहे, तरी सोमवारचं काम मंगळवारवर ढकललं जातं.

नातेवाइकांशी बोलताना ‘व्हेंटिलेटरवर टाकलंय’ एवढंच म्हणून निघू नका. बाहेरच्या बाकावर त्याचा अर्थ ‘संपलं’ किंवा ‘बिल वाढवतायत’ यांपैकी एक होतो. काल यंत्राकडून किती ऑक्सिजन लागत होता आणि आज किती, एवढे दोन आकडे रोज सांगा. ०.८ वरून ०.५ आलं हे शाळा न शिकलेल्या माणसालाही कळतं, आणि उलटं झालं तर तेही.

ट्यूब सकाळी काढा, दहाच्या सुमाराला, सगळे असताना. बाजूला हाय-फ्लो तयार. रुग्ण आठ-दहा दिवस ट्यूबवर होता, तर ट्यूबच्या टोकाचा फुगा (कफ) सोडून हवा बाजूने सुटते का ते आधी बघा. घरचे लगेच डब्यातून पेज आणतात. त्यांना थांबवा. आवाज स्पष्ट आहे का बघा, बसवून चमचाभर पाणी द्या, खोकला आला नाही तर आणखी दोन चमचे, आणि मगच पातळ पेज. इन्ट्युबेशनची ट्रॉली पुढचे दोन दिवस त्या बेडपासून हलवायची नाही.